भिंतीतलं आरपार सॉकेट

उमेओ शहरातल्या आमच्या जोडघराच्या पलीकडच्या अर्ध्यात हेल्मर राहतो. आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवली, तीही एकट्याने, त्यामुळे गप्पांची सवय लागलीच नाही. बायको गेल्यापासून तर कुणाचं दार वाजवणं म्हणजे त्याला संकटच. पण मी कॉफीचं यंत्र लावलं, की ते थांबायच्या आत हा हजर. कधी स्क्रू-ड्रायव्हर मागायला, कधी मागून नेलेला परत करायला. वेलदोड्याचे गोड पाव संपेपर्यंत मग स्क्रू-ड्रायव्हरचं नाव निघत नाही. याचं नाक फार तिखट, असं मी गल्लीभर सांगत फिरले.

यंदा सोसायटीने अग्निसुरक्षेच्या तपासणीला तूवा नावाची इलेक्ट्रिशियन पाठवली. तिने माझ्या स्वयंपाकघरातलं सॉकेट उघडलं, तर मागे थेट हेल्मरच्या सॉकेटची पाठ.

"हे काम कुणाचं?"

"माझं," कॉफीला आलेला हेल्मर ऐटीत म्हणाला. "घरं नवी होती तेव्हाचं. एकाच भोकात दोघांची सोय. दोनदा कशाला कोरायचं?"

"एका घराला आग लागली तर दुसऱ्यातल्यांना निसटायला वेळ मिळावा, म्हणून ही भिंत आहे. तुम्ही तिला खिडकी पाडलीत. धूर सरळ पलीकडे जाईल."

"धूर कधी आला नाही. कॉफीच्या यंत्राचा आवाज येतो, तेवढाच."

बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

"अस्सं," मी म्हटलं. "आणि मी बिचाऱ्या नाकाला नावं ठेवत होते."

तूवा म्हणाली, एक सॉकेट बाजूला सरकवायचं, भोकात न जळणारी दगडी लोकर ठासायची आणि वरून प्लास्टरच्या पाट्या ठोकायच्या.

"राहू दे ना," हेल्मर पुटपुटला. "मी एकटा म्हातारा. लागली आग तर लागली."

"तुझ्याकडे लागेल रे, पण पलीकडे मी घोरत असेन."

भोक बुजेपर्यंत तूवाला बॅटरी हेल्मरनेच धरली, पण चेहरा असा, जणू दात उपटून घेतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉफी लावली. यंत्र गुरगुरलं, थांबलं. दारात कुणी नाही. मुद्दाम थोडी थांबले; शेवटी मलाच राहवेना. दार उघडलं, तर हेल्मर पायरीवर बसलेला. टोपीवर बर्फ, हातात स्वतःचा कप.

"कधीपासून बसलायस?"

"आता ऐकू येत नाही," तो म्हणाला. "म्हणून आधीच आलो."

"आणि स्क्रू-ड्रायव्हर नको?"

"घरी डबाभर आहेत," म्हणत तो बूट काढू लागला.