तोंडाचा सोमवार, स्तनाचा बुधवार

आमच्याकडे पेशंट उपचार संपवून घरी जातात, किस्से मात्र ॲडमिटच राहतात. त्यांना डिस्चार्ज कोण देणार!

मी वसईतल्या एका हॉस्पिटलात कॅन्सर विभागाची को-ऑर्डिनेटर. आमच्या डॉक्टर मॅडमनी योजना काढली. आपल्या भागात जास्त दिसणारे कॅन्सर तीन, मग प्रत्येकाला एक वार. सोमवार तोंडाचा, बुधवार स्तनाचा, शुक्रवार गर्भाशयमुखाचा. त्या दिवशी तपासणीपासून सर्जनपर्यंत सगळे एकाच मजल्यावर. मुंबईच्या खेपा बंद. कागदावर एकदम फर्स्टक्लास!

*

पहिल्याच मीटिंगला एक मोठे साहेब आले. सगळ्याला नुसती मान डोलावत होते. मॅडम खूश. "सर, तोंडाच्या कॅन्सरबद्दल दोन शब्द बोला ना."

साहेब उठले, खिडकीपाशी गेले, थुंकले आणि मग बोलले!

*

एव्हरशाईन सिटीत शिबिर. सोसायटीचे सेक्रेटरी बॅनर बघून दचकले. "तो 'स्तन' शब्द काढा हो. फॅमिली सोसायटी आहे!"

त्यांनी स्वतःच दुसरा बॅनर लावला: 'महिलांसाठी खास कार्यक्रम'. हॉल खच्चून भरला. मी तपासणीचं बोलायला लागले, तर पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "ते ठीक आहे, पण वाण काय देणार?"

*

पाचूबंदरची एक मासळीवाली मावशी. तोंडातली जखम भरेना. म्हटलं, "मावशी, सोमवारी या."

"सोमवारी बोट लागते. लिलावाला कोन जानार?"

"पण तोंडाचा वार सोमवारच आहे!"

मावशी उखडली. "तुमचा असंल. माजं तोंड रोज दुखतं!"

*

आणि एका बुधवारी सांडोरहून एक काकी आल्या. काका बाहेर बाकावर, तोंडाला रुमाल लावून गप्प. मॅडम तपासायला गेल्या तर काकी म्हणाल्या, "माझं राहू द्या. आधी त्यांचं तोंड बघा. दवाखान्याचं नाव काढलं की बागेत जाऊन बसतात. म्हणून मलाच गाठ आहे सांगून आणलंय."

रिसेप्शनवाली लगेच, "तोंडाचं सोमवारी!"

मॅडम तिच्यावर अशा ओरडल्या की तिनेच धावत जाऊन काकांना आत आणलं. काकांचं तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. तोंडाच्या सर्जनला फोन करून बोलावलं, त्याच दिवशी तुकडा काढून तपासायला पाठवला.

सगळं उरकल्यावर मॅडम हसत म्हणाल्या, "काकी, छान थाप मारलीत हो!"

काकी पदर सावरत म्हणाल्या, "थाप कसली? गाठ आहे ना."