आलुबुखाराचा दोष

चूक माझी होती आणि ती मी जाणूनबुजून केली. आमच्या पुलगावच्या घराच्या अंगणात आलुबुखार लावायचं मी ठरवलं. ते फळेना, तेव्हा दोष मात्र वहिनीला दिला.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि थोरल्या भावाकडे राहायचो. अंगणात न्हाणीच्या पाण्यावर एकच झाड जगेल एवढी जागा होती. वहिनीला तिथे लिंबू हवं होतं. मी वर्ध्याच्या रोपवाटिकेत गेलो, तर माळ्याने स्पष्ट सांगितलं, “सर, हे थंड मुलखातलं झाड. जगन, पण फळाचं काई खरं नाई.” तरी मी आलुबुखारच उचललं. गावात कोणाकडे नव्हतं म्हणून. माळ्याचं बोलणं घरी सांगितलं नाही.

वहिनी हसली. “भाऊजी, लोणचं कायचं घालू मंग? याचं?” पण पाणी तीच घालायची. वैशाखात बुंध्याभोवती ओलं पोतं गुंडाळायची. झाड छातीएवढं झालं. फूल एक नाही. “घरजावई आणला जी तुम्ही,” ती म्हणायची. “पाणी पेते, सावलीत बसते, देत काई नाई.”

चौथ्या वर्षी शाळेतले दोन मास्तर चहाला आले. “काय सर, आलुबुखार कधी खाऊ घालता?” एकाने टोचलं. दुसरा हसला. वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. मी म्हणालो, “घरात विटाळ पाळत नाहीत, त्या चार दिवसांतही झाडाला हात लावतात. कसं फळणार?”

विज्ञानाचा मास्तर मी! वहिनीने कप खाली ठेवले आणि आत गेली.

त्यानंतर दर महिन्याला चार दिवस ती अंगणात उतरली नाही. धुतलेले कपडे वाळत घालायला शेजारणीला हाक मारायची. स्वतःच्या अंगणात पाय ठेवायला ती बिचकू लागली, ते माझ्या एका वाक्यामुळे. मी पाहत होतो आणि गप्प होतो. असं दोन वर्षं चाललं. त्या चार दिवसांत भाऊ पाणी घालायचा. झाड तसंच राहिलं.

शेवटी एका दुपारी ती तांदूळ निवडत असताना मी समोर बसलो आणि माळ्याचं बोलणं सांगून टाकलं. तिचा हात थांबला.

“तुमाले पयलेपासून माईत होतं?”

“हो.”

“मंग मले काऊन सांगता एकटीले? ज्याइच्यासमोर बोलले, त्याइच्यासमोर सांगा.”

रविवारी त्याच दोघा मास्तरांना बोलावलं. वहिनीलाही बाहेर बसवलं. चहा मी केला. मग उभा राहून म्हणालो, “त्या दिवशी मी वहिनींबद्दल बोललो ते खोटं होतं. हे झाड इथे फळणार नाही हे मला आणतानाच ठाऊक होतं. विटाळाचा यात काही संबंध नाही. वहिनी, मी माझी लाज झाकायला तुमची अब्रू घेतली. मला माफ करा.”