दिवेवाले भाऊ आणि ब्रेकची वायर

फाल्गुनातला रविवार, सकाळचे साडेसात, आमच्या घरासमोरची गल्ली. हजर: मी, आमचे हे, समोरचे मास्तर आणि ह्यांची आत्या. आत्याबाई गाडीत, पुढच्या सीटवर. मांडीवर पुरणाच्या मांड्यांचा डबा, हातात काठी. बोलावल्यावरून आलेले: आमच्याच गावातल्या लालबागचे दिवेवाले भाऊ, सायकलवर. माझ्या वहीत त्या सकाळची नोंद एवढीच आहे, खाली कामांची यादी. पुढचं लिहायला बसले असते तर हसून हसून अक्षर वाकडं आलं असतं.

भाऊ कोणालाही स्वतःचं मत सांगू देत नसत. लालबागेत त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. केळीचे ट्रक दारात उभे असायचे. ड्रायव्हर म्हणायचा, "भाऊ, मला वाटतं बॅटरी गेली." भाऊ म्हणायचे, "वाटलेलं घरी ठेव. दिसलेलं सांग." मग तो मिशाळ गडी आठवून आठवून सांगायचा. भाऊंना स्वतःला मात्र गाडी चालवता येत नव्हती. "शिकलो तर मीही आत बसून मतं देईन," म्हणायचे.

आमची गाडी ऑटोमॅटिक. त्या सकाळी इंजिन चालू झालं, पण गियरचा दांडा 'पी'वरून हलेना. ह्यांनी ओढला, मास्तरांनी ओढला. "तुटला तर दोघांना अर्धा अर्धा देते," मी म्हटलं.

दुसरी गाडी सहज मिळाली असती. अडचण आत्याबाईंची होती. अकरा वर्षांपूर्वी देडतलाई गावच्या धाकट्या बहिणीनं भर लग्नात त्यांनी केलेल्या मांड्यांना जाड म्हटलं होतं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आणि त्या दिवशी पहाटे आत्याबाईंनी तिच्याकडे जायला आपण होऊन मांडे केले, नवं लुगडं नेसल्या आणि कोणाला न विचारता गाडीत जाऊन बसल्या. हे माझ्या कानाशी लागले, "एकदा खाली उतरली ना, तर परत बसणार नाही." म्हणजे गाडी दुरुस्त व्हायची ती आत्याबाईंसकट.

"गियरपाशी एक खाच असते," मास्तर भाऊंना म्हणाले. "पेचकस घाला, दांडा सुटतो. निकल जाने दो."

"सुटेल. मागचा दिवा पाहिला का, मास्तर?"

ह्यांनी ब्रेक दाबला, मास्तर मागे जाऊन वाकले. दिवा लागत नव्हता.

"मग मागून केळीचा ट्रक आला, तर त्याला काय हात जोडून थांबवणार? ब्रेक दाबला की पेडलजवळचा स्विच दोघांना खबर देतो, मागच्या दिव्याला अन् गियरला. दोघांनाही कळलं नाही, म्हणजे गियर बिचारा निर्दोष आहे."

भाऊंनी फ्यूज काढला. जळलेला. नवा घातला, ब्रेक दाबताच तोही गेला.

"मला वाटतं, स्विच..." मास्तरांनी सुरुवात केली आणि जीभ चावली.

"स्विच चांगला आहे. त्याच्या पुढे वायर कुठंतरी लोखंडाला टेकलीय." भाऊंनी फ्यूजच्या जागी दोन वायरींचा बल्ब जोडला. "टेकलेली असेल तोवर हा भगभगीत जळेल. सुटली की मंद होईल."

त्यांनी मागच्या दिव्यांची जोडणी काढून पाहिली. बल्ब भगभगीतच. मग ते स्वतः स्टिअरिंगखाली उताणे शिरले. आता पेडल दाबायला पाय कोणाचा? आत्याबाईंनी बसल्या जागेवरून काठी सरसावली.

"दाबा, आत्या!"

"दाबली."

"ती माझी मान आहे!"

हसता हसता ह्यांना गल्लीतच खाली बसावं लागलं. दुसऱ्या खेपेला काठी पेडलवर पडली. भाऊंनी आत एक वायर बाजूला केली आणि मी ओरडले, "मंद झाला!"

"हा जोड कोणत्या गाढवानं मारला?" खालून आवाज आला. मग टेप सोलल्याची चरचर.

ती वायर डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे जात होती. गाडी घेतली तेव्हा आत्याबाईंनी हौसेनं करून घेतलेलं: ब्रेक दाबला की गणपतीमागचा दिवा लागायचा. हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे गणपतीनंच अडवलं. जाऊ नको म्हणतो." त्यांनी दार उघडलं. काठी जमिनीला टेकली.

भाऊ घाईनं बाहेर आले, केसांत कोळिष्टकं, हातात वितळलेल्या टेपचा तुकडा.

"आत्या, थांबा. गणपतीला मधे घेऊ नका. गाढव मी आहे. हा जोड माझा. टेपवर दोरा बांधायचा आळस केला, उन्हानं टेप सुटली."

"तू चुकलास?"

"मी चुकलो."

"चारचौघांत सांगतोस?"

"चारचौघांत दिसतंय, तर सांगायला काय?"

आत्याबाईंनी काठी आत घेतली आणि दार लावलं.

भाऊंनी गणपतीची वायर तोडून मूळ वायरवरची उघडी जागा टेपनं पक्की केली, यावेळी दोरा बांधून. नवा फ्यूज टिकला, मागचा दिवा लागला, दांडा लोण्यात फिरावा तसा फिरला. निघताना त्यांनी मला बजावलं, "पोचलात की उतरून बघा, ब्रेक दाबल्यावर दिवा लागतो का. अन् फोन करा. दिसलेलंच सांगा."

मी वहीतल्या यादीत लिहून घेतलं. अर्ध्या वाटेत आत्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या लग्नात माझं पीठ जरा घट्टच भिजलं होतं." ह्यांनी दचकून ब्रेक दाबला.

देडतलाईला गाडी थांबायच्या आत धाकटी बहीण अनवाणी धावत आली. दोघी एकदमच बोलायला लागल्या, एकमेकींचं न ऐकता, आणि आम्ही दोघं डबा, पिशव्या आणि डोळे सांभाळत राहिलो.

पुढे भाऊंना लाल आणि तपकिरी वायर वेगळी ओळखू येईना. दुकान बंद करून ते मुलीकडे सुरतेला गेले. नंबर माझ्याकडे आहे. वहीतल्या त्या पानावरच्या यादीत सगळ्या ओळींवर काट मारलेली आहे, एक सोडून: 'भाऊंना फोन, मागचा दिवा.' कित्येकदा नंबर काढते आणि ठेवून देते. सांगू काय? देडतलाईला पोचल्यावर गाडीच्या मागे जाऊन कोणी पाहिलंच नाही.