काकांची कवळी

काकांची कवळी तयार होऊन माझ्या दवाखान्यात आली आणि त्याच दुपारी त्यांच्या मुलाचा, श्रीधरचा फोन आला. "ताई, राहू दे आता ते दातांचं. बाबा गेले सकाळी." मी वेड्यासारखं विचारलं, "मग न्यायला कधी येतोस?" पाच आठवडे झाले, त्या प्रश्नाची अजून लाज वाटते.

काका डोंबिवलीत आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहायचे. ठाण्याला एका कचेरीत कारकून, अक्षर मोत्यासारखं. बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांचे प्रवेश-अर्ज तेच भरायचे, आणि रीत अशी की सही आधी, मजकूर मागून. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, शंका घ्यायचं कुणाला सुचायचंही नाही. बारावीनंतर मीही कोऱ्या अर्जावर सही ठोकली आणि बजावलं, "काका, पहिलं मेडिकल, मग डेंटल हं!"

"हो गं बाई, कळलं."

नाव लागलं डेंटलला. माझ्याहून चार गुण कमी असलेल्या मैत्रिणीला मेडिकल मिळालं म्हणून चौकशी केली, तर अर्जात पहिली पसंती डेंटल, काकांच्याच अक्षरात. घरात रामायण झालं. काका मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं."

पण ज्यांच्या अर्जात कधी खाडाखोड दिसली नाही, ते नेमके इथेच कसे चुकले? बारावीला कॉलेजात बेडूक कापताना मला भोवळ आली होती, आणि ते मी फक्त काकांना सांगितलं होतं... म्हणून? अहो, पण दातांच्या कामातही रक्त असतंच की! मला हे काम मनापासून आवडतं. तरी त्यांच्यावर रागवावं की त्यांचे पाय धरावेत, मला खरंच कळत नाही.

शेवटचे ते कवळीचं माप द्यायला आले, तेव्हा धीर करून विचारलं, "काका, तो अर्ज... मुद्दाम?" तोंडात मापाचा लगदा. ते हातवारे करत बरंच काही बोलले, मला एक अक्षर कळलं नाही. चूळ भरून म्हणाले, "आता बोळक्यानं काय सांगू? कवळी बसली की नीट सांगतो."

ती कवळी माझ्या कपाटात आहे. दर सोमवारी मी तिचं पाणी बदलते. परवा त्यांच्या जबड्याच्या साच्यावर बसवून पाहिली. चपखल बसली, कुठे टोचली नसती. बोलताना त्यांना काही त्रास झाला नसता.