पाटलाला सांगून यायचं

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या वडिलांनी, एक खेप सोडली तर, पोलीस पाटलाला न सांगता कधी गाव सोडलं नाही. उंब्रजच्या बाजाराला जाऊन यायचं असलं तर गोष्ट वेगळी. पण परगावी निघाले की आधी पाटलाच्या दारात. कुठं चाललोय, कुणाकडं, कवा येणार. माघारी आले की पुन्हा दारात, आलो म्हणून. आताचा पाटील जुन्या पाटलांचा नातू, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. तो बिचारा तोंडातला ब्रश काढून ओशाळायचा, "आवं आबा, मला कशाला सांगताय? जावा की निवांत." आबा हसायचे, पण सांगितल्याशिवाय हलायचे नाहीत.

मी शिकायला सांगलीच्या हॉस्टेलला निघाले तेव्हा मलाही त्या दारात नेलं होतं. मला वाटायचं, ही आमची माणुसकीची रीत. हॉस्टेलवर मी ऐटीत सांगायचे, आमच्यात थोरामोठ्यांना सांगून निघतात, तुमच्यासारखं नाही. काय तो तोरा! आठवलं की आजही स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते.

दुसऱ्या वर्षाला आम्ही पोरापोरींनी एक उद्योग काढला. जातीवरनं, जमातीवरनं माणसाला छळलं की तो छळ त्याच्या पोरानातवंडांत कसा उतरतो, ते लोकांना दाखवायचं. भाषणं नकोत, असं ठरलं. ज्यानं त्यानं आपल्या घरातली एक सवय हुडकायची, ती कुठनं आली ते घरच्यांना विचारायचं आणि कार्डशीटवर लिहून कॉलेजच्या भिंतीला लावायचं. माझ्या खोलीतली मैत्रीण आष्ट्याची. तिनं लिहिलं, 'माझी आजी दुसऱ्याच्या घरी अजून पेला हातात घेत नाही, ओंजळच पुढं करते.' ते वाचलं आणि मला पाटलाचं दार आठवलं. दिवाळीला घरी गेल्यावर आबांना विचारलं, पाटलाला का सांगायचं?

आबा शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "हजेरी हुती आमाला. इंग्रजानं आमची आख्खी जमातच चोर म्हणून लिवल्याली. माजा बा रोज चावडीत अंगठा द्यायचा."

"आवं पण तो कायदा कवाच गेला!"

"गेला की. ठावं हाय मला. पर सांगिटलं म्हंजी बरं वाटतं."

मला लय राग आला. इंग्रजांचा, पाटलाचा, आबांचा, सगळ्यांचाच. आणि मी हट्टाला पेटले. आमचं प्रदर्शन बघायला आबांनी सांगलीला यायचं आणि पाटलाला न सांगता यायचं. आयुष्यात एकदा तरी. आबांनी हातातली शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले आणि बरं म्हणाले.

ठरल्या दिवशी मी स्वतः त्यांना न्यायला गेले. पाटलाच्या गल्लीवरनं जाताना त्यांची पावलं रेंगाळली, पण मी दंड धरला होता. एसटीत ते खिडकीचा गज धरून बसले. कऱ्हाड गेलं, आष्टा गेलं, गज काही सोडला नाही. मी आपली मनात खूश, जिंकले म्हणून.

सांगली स्टँडवर रिक्षा ठरवायला पुढं झाले आणि वळून बघते तर आबा एका हवालदारापुढं उभे. डोक्यावरची टोपी हातात. गावाचं नाव सांगून म्हणत होते, "नातीकडं आलोय सायेब. सांजच्या गाडीनं माघारी."

हवालदार म्हणाला, "बरं बाबा, सावलीला थांबा." त्याला काय कळणार?

मी भडकले. "लाज आणली तुमी! भर स्टँडात!"

आबांनी टोपी घातली. "तुला लाज वाटती, पोरी. मला भ्या वाटतं."

मग तिथल्याच बाकड्यावर बसून सांगितलं. त्यांचा बा एकदा आजारी बहिणीला बघायला न सांगता गेला. नेमकी त्याच गावात चोरी झाली. पोलिसांनी धरून नेला, उजवा हात निकामी होईस्तोवर मारला. चोर पुढं दुसराच निघाला. "बाला फेटा बांधता येईना. मग मीच बांधायचो. सा वर्साचा हुतो."

गावात कुणाचंही लग्न असो, नवरदेवाला फेटा बांधायला आबाच लागायचे. आम्ही त्याचा केवढा मोठेपणा मिरवला! कुठं शिकलात, असं कुणी कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. त्या बाकड्यावर मी त्यांचा हात धरून हमसाहमशी रडले, आणि आबाच माझी समजूत घालत बसले.

कॉलेजात त्यांना माझं कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी ते नीट ऐकलं, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "हितं बी अंगठा द्यायचा का?" स्वतःच खो खो हसले. मग सगळी पोरं हसली. ते हसू अजून कानात आहे. संध्याकाळी गावात उतरल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "जावा आबा, सांगून या." तरातरा गेले.

आबांना जाऊन तीन वर्षं झाली. मी आता सांगलीतच नोकरी करते, फ्लॅटमध्ये राहते. परवा गावी निघालो होतो. मी कुलूप लावतेय तोवर माझी पाच वर्षांची लेक जिना उतरून पळाली. खाली आले तर ती वॉचमनपुढं उभी राहून सांगत होती, "काका, आम्ही पणजोबांच्या गावी चाललोय. उद्या संध्याकाळी येणार."

"हे तुला कुणी शिकवलं गं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तू रोज सांगतेस की."