विमानाला चुंबक चिकटंना

मपल्या खिशात कायम एक चुंबक असतो. फुटक्या स्पीकरातून काढलेला, चपटा. अहमदपूरच्या स्टँडमागं मपलं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान हाय. शाळा चौथीपर्यंत. चौथीत दोनदा बसलो, कारन मास्तरला मपल्यावाचून करमत न्हवतं.

धंदा सांगतो, लाज न धरता. ठोकलेली गाडी येती. दलाल म्हनतो, हिला नवरी कर. मी पोचे काढतो. जिथं पोचा निघंना तिथं पुट्टी भरतो, घासतो, वरून रंग मारतो. गिऱ्हाईक येतं, हात फिरवतं, म्हनतं एकदम ओरिजिनल हाय. मी म्हनतो हाव. चुंबक लोखंडाला चिकटतो आन पुट्टीवरून घसरून पडतो, म्हून दुसऱ्यानं केलेली लपवाछपवी वळखायला मी तो खिशात ठेवतो. म्हंजे चोरबी मीच आन चोर पकडायचं यंत्रबी मपल्याच खिशात.

दुकानात लोकं कामाला कमी आन हसायला जास्त येतात. बापाच्या दहाव्याला मी रडलो तव्हा दोघं-तिघं हसले. त्यांना वाटलं, आता पुढं काय तरी येतंय.

जावईबापू नांदेडला राहतात. विमान चालवायचं लायसन हाय त्यांच्याकडं, पन नोकरी न्हाई. नोकरीसाठी अजून लई तास उडवलेले पायजेत म्हने. मग त्यांनी ठरवलं, भाड्याच्या विमानात उडन्यापेक्षा जुनं दोन सीटचं आपलंच घ्यावं. लातूरच्या बाहेर धावपट्टीजवळ एकाचं पत्र्याच्या शेडात हुबं होतं. त्यांनी मला फोन केला, "मामा, तुमच्या हाताला कळतं. या बगायला." जावयानं मला अक्कल इचारायची ही जन्मातली पयली येळ. मी लेकीच्या लग्नातला सफारी घातला. बटनं लागंनात, पन घातला.

मालक पांढऱ्या बुटाचा, गोड बोलनारा. चहा दिला, बिस्किट दिलं. मी विमानाभवती बैल बगितल्यावानी तीन चकरा मारल्या. मग चुंबक काढला. नाकाला लावला, पडला. पंखाला लावला, पडला. शेपटाला लावला, पडला. जावयाला बाजूला घ्यायचं, हळू बोलायचं, तेवढी अक्कल मला न्हाई. मालकाच्या तोंडावरच म्हनलो, "जावईबापू, घेऊ नका. हे शेंडीपासून टाचेपर्यंत पुट्टीचं हाय."

मालक विमानाला धरून हसला. त्याचा वॉचमन हसला. जावईबापू बुटाकडं बगत म्हनले, "मामा, ॲल्युमिनम हाय हे. त्याला चुंबक चिकटत न्हाई."

घरी ज्या डेगचीत रोज भात शिजतो, तिला मी कधी चुंबक लावून बगितला न्हवता.

आता तोंड कुठं लपवावं? मी विमानाच्या नाकाखाली वाकलो, काय तरी बगतोय असं दाखवायला. आन तिथंच मला ते दिसलं.

पुढच्या चाकाचा पाय जिथं अंगाला जोडलाय, त्याच्या माघं पत्र्याला बारीक चुन्या होत्या. म्हाताऱ्या मानसाच्या हाताच्या पाठीवर असतात तशा. वरून रंग जाड मारलेला. सगळ्या विमानाचे रिबिट मळकट, आन तिथली एक ओळ चकचकीत, टोपी थोडी मोठी. नाकाचा पांढरा आन शेपटाचा पांढरा येगळा. दुसऱ्याला तो फरक दिसायचा न्हाई. मी तर जन्मभर पांढऱ्याला पांढरा जुळवत आलोय.

आन मोहरचा पंखा नवाकोरा. मालक म्हनला, पंखा नवाच टाकलाय, त्याचं येगळं काय मागत न्हाई. मपल्या धंद्यात नवा पार्ट फुकट कुनी देत न्हाई. नवा टाकलाय म्हंजे जुना कशावर तरी आपटलाय. हे विमान नाकावर उतरलं होतं. फिरता पंखा जमिनीला लागला की झटका इंजनाच्या आतल्या दांड्याला बसतो. दांडा लगेच तुटत न्हाई. केसाएवढी चीर पडती. बाहेरून दिसत न्हाई, आवाज येत न्हाई, चालत राहतं, आन मग एक दिस तुटतं. जीप असली तर साइडला घेऊन बोनट उघडावं. तिथं साइडला कुठं घ्यायचं?

मी हुबा राहिलो. मालक आजून डोळे पुसत होता. जावईबापूंनी इचारलं, "काय मामा?"

जावयाची इज्जत एका सकाळी दोनदा काढायची मपली हिंमत झाली न्हाई. मी म्हनलो, ब्येस हाय, घ्या.

त्यांनी तिथंच इसार दिला. मला लातूरच्या स्टँडवर सोडताना सांगितलं, गुरुवारी बाकीचे कागद होतील आन त्याच दिशी विमान उडवत नांदेडला न्यायचं. "पयली सवारी तुमच्या लेकीची, मामा. बाजूची सीट तिची."

तो रविवार होता. मधी तीनच दिस.

सोमवारी बायकोला सांगितलं. ती डाळ निवडत होती. म्हनली, लेक कालच फोनवर सांगत होती चुंबकाचं, आमी दोघी लई हसलो. मंगळवारी जावयाला फोन लावला. म्हनलो, ते नाकावर आपटलेलं हाय. त्यांनी फोन लेकीला ऐकू जाईल असा ठेवला होता, तिचं हसू मला ऐकू आलं. जावईबापू शांतपने म्हनले, मामा, तपासनाराची सही हाय, कागद पक्के हायत. मी नवरी केलेल्या सगळ्याच गाड्यांचे कागद पक्के असतात.

हनमंताला नारळ बोललो, की गुरुवारी उडू देऊ नको. मग ध्यानात आलं, त्याचा बाप वारा. घरच्या धंद्याला तो कशाला आडवा येतोय? रनवेवर जाऊन झोपावं असंबी डोक्यात आलं. पन लोकं म्हनले असते, काकानं आज नवीन काढलं.

खरी गोष्ट अशी, की मपल्यावर भरवसा ठेवायला कुनापाशी कारनच न्हवतं. एकच कारन होतं आन ते सांगितलं की मी मेलो. मला ते काम वळखू आलं, कारन तसंच काम मी स्वतः केलं होतं. आन ज्या गाडीवर केलं, ती रोज जावयाच्या दारात हुबी होती.

तीन वर्सांमागची गोष्ट. चाकूरच्या पुढं एक कार झाडावर गेली होती. डावी बाजू आत, दाराचा खांब मोडलेला, चेसिसला चीर. दलालानं भंगाराच्या भावात मला दिली. लेकीचं लग्न ठरलेलं, आन सगळ्यांचे सासरे जावयाला काय काय देतात. मी खांबाला तुकडा जोडला, चेसिसला वेल्डिंग मारलं, वर पुट्टी, वर मोत्यासारखा पांढरा. मांडवात चावी देताना माइकवर सांगितलं, एकाच मालकाच्या हातची गाडी हाय, साधा ओरखडा न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन डावीकडची सीट म्हंजे मपल्या लेकीची. हे मला तव्हा कळत न्हवतं असं न्हाई. मी मनाला म्हनलं, वेल्डिंग पक्कं हाय.

बुधवारी सकाळची एसटी धरून नांदेडला गेलो. जावईबापू दारातच गाडी पुसत होते. लेक भायेर आली, पानी दिलं. ती लई खूश होती, केस धुतलेले. उद्याला काय नेसावं ते इचारत होती.

मी पुन्ना सांगितलं. चुन्या, रिबिट, पंखा. बोलता बोलता मपल्या तोंडातून सवयीनं एक जोक निघून गेला, आन ते दोघं हसले. जावईबापू म्हनले, "चुंबक आनलाय का मामा संगं?"

"आनलाय."

मी चुंबक काढून त्यांच्या गाडीच्या बोनटला लावला. चिकटला. उजव्या दाराला लावला, चिकटला. मग डाव्या खांबाला बुडात लावला. तो खाली फरशीवर पडला, टन्न करून.

जावईबापूंनी तो उचलला आन स्वतः लावून बगितला. पुन्ना पडला. मी सफारीच्या खिशातून स्क्रू ड्रायवर काढला आन खांबात खुपसला. पुट्टीचा खपला निघाला, भाकरीएवढा जाड. खाली मपलं वेल्डिंग. गंजून काळं झालेलं, आन मधून चीर पुन्ना चाललेली. ती मला ठावी न्हवती. ती बगून मी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

"हे कुनी केलं?" त्यांनी इचारलं.

"म्याच."

कुनी हसलं न्हाई. आयुष्यात पयल्यांदा मी बोललो आन कुनी हसलं न्हाई.

लेक त्या खांबाकडं बगत म्हनली, "पप्पा, तीन वर्सं मी ह्याच बाजूला बसून माहेराला येते."

मी म्हनलो, हाव.

जावईबापूंनी पुट्टीचा तुकडा हातात घेतला, मोडून बगितला. मग मपल्याकडं न बगता म्हनले, "त्या पंख्याचं पुन्ना सांगा. सावकाश."

मी सांगितलं. त्यांनी एका वळखीच्या इंजिनेरला फोन केला. त्यो म्हनला, पंखा लागला असंल तर इंजन खोलून बगितल्याशिवाय कुनी छातीठोक सांगू शकत न्हाई. मग लातूरच्या मालकाला फोन केला, की इंजन खोलून बगायचंय, खर्च आमचा. मालक तेवढाच गोड बोलला. इंजन खोलायचं असंल तर सौदा ऱ्हाऊ द्या, गिऱ्हाईक दुसरं हाय.

सौदा ऱ्हाऊन गेला. जावयाचा इसारबी गेला आन उडायचे तासबी. मला जेवून जा असं कुनी म्हनलं न्हाई, मीबी थांबलो न्हाई. लेक फाटकापर्यंत आली. तिनं नुसती फाटकाची कडी लावली.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गाडीमागं बांधून, टोचन करून गाडी मपल्या दुकानात आली. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. लेक आता एसटीनं येती, आईला भेटती, दुकानाकडं न येता जाती. पन एसटीनं येती. ते मी मनात धरून बसतो.

विमानाचं पुढं काय झालं ते इचारायला मी एकदा लातूरला गेलो. शेड रिकामं होतं. वॉचमननं मला वळखलं, चुंबकवाले काका म्हनून. विमान गेलं म्हनला, परमुलखातल्या एका हौशी मानसानं नेलं, बायकोला संगं बसवून. कुठल्या गावचा? त्याला ठाऊक न्हवतं. मी तिथं लई येळ हुबा राहिलो, वर बगत.

ती कार मी दुकानासमोर उघडीच ठेवलीय. खांबाला पुट्टी भरली न्हाई. दलाल यायचे बंद झाले.

पन आधीच्या गाड्यांचं काय? मी त्यांची वही ठेवली न्हाई, मला लिवायची सवय कुठं. कुठं उदगीरला, कुठं मुखेडला, पळतच असतील. परवा स्टँडसमोर मुखेडची काळीपिवळी हुबी होती, मानसं दारापर्यंत कोंबलेली. तिचं डावं अंग मी वळखलं. म्या ड्रायवरला खिडकीतून सांगितलं, बाबा, ह्याच्या खाली लोखंड न्हाई, पुट्टी हाय, म्याच भरलीय, सवाऱ्या उतरव.

ड्रायवर हसला. आतल्या सवाऱ्या हसल्या. माघून एक बाई म्हनली, "काका लई भारी बोलतात."

जीप हालली. मी माघं पळत हात केला, थांब म्हनून. त्यानं हॉर्न वाजवला आन खिडकीतून मलाबी हात केला.