वाफ्यातली पावलं

सत्याहत्तर साल होतं, मी अडतीस वर्षांचा. आमचं मिठागर. खाडीचं पाणी घेण्याआधी वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून तळ पाटासारखा करावा लागतो, नाहीतर मिठात माती येते. पावलाला पाऊल लावून सरळ रेघेत तुडवायचं, हे मला बापानं शिकवलं. शाळा मी दुसरीत सोडली, पण माझ्या वाफ्याला अजून कुणी नावं ठेवलेली नाहीत.

एके दिवशी दोन वाफे मुलांना दिले. थोरल्या गणपाची पावलं थेट माझ्यासारखी, ओळीनं. धाकट्या सुमनची मात्र गोल गोल, मधेच टाचेवर गिरकी, कुठे नुसतेच चवडे.

"हे काय गं?" मी ओरडलो.

"बाबा, नाचत तुडवलं की पाय दुखत नाहीत!"

बायको बांधावर हसली. "तुमच्यावर नाही गेली, म्हणून झोंबतंय होय?"

एका ताटात जेवलेली ही दोघं. एक माझीच रेघ पुढं ओढतोय आणि दुसरीची चाल कुठून आली, मला ठाऊक नाही. पोर आपलं म्हणायचं, पण पाय त्याचे त्यालाच. त्या गिरक्या मी बराच वेळ बघत बसलो. तळ मात्र मधे मधे कच्चा होता, आणि तसा वाफा मी सोडणारा नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी तो पुन्हा तुडवला. तिच्या सुटलेल्या जागा भरत, ती फिरली तसाच गोल फिरत.